गोळी स्वस्त झाली, शोध महागच राहिला

२८ जुलै जवळ आला की सरकारी दवाखान्यांच्या दारावर जागतिक हिपॅटायटीस दिनाचे फलक लागतात आणि खान्देशात एक ठरलेला वाद पुन्हा रंगतो. एक बाजू म्हणते, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अडलेली बाई अजून झोळीतून खाली आणावी लागते, नंदुरबारचे कुपोषण हटत नाही, सिकलसेलची पोरे रक्ताच्या पिशवीसाठी ताटकळतात, आणि इथे म्हणे जगातून कावीळ घालवायची! दुसरी बाजू म्हणते, तपासणी फुकट, औषध फुकट, मग आणखी पैसा मागता कशाला? वाद तावातावाने होतो, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच वस्तू असते : औषधाची डबी. पहिल्यांना ती चैन वाटते, दुसऱ्यांना ती पुरेशी वाटते. या रोगाचा खरा खर्च मात्र डबीत नाहीच, तो रोगी शोधण्यात आहे. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हिपॅटायटीस निर्मूलनाला पैसा मिळालाच पाहिजे, जगाकडूनही आणि आपल्या जिल्ह्याच्या तिजोरीतूनही. पण तो तपासणीवर, नमुन्यांच्या वाहतुकीवर, पाठपुराव्यावर आणि बाळाला जन्मताच द्यायच्या लशीवर खर्च व्हायला हवा. तसा झाला तर कुपोषणाच्या ताटातला एक घासही कमी होत नाही.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. कावीळ, अहिराणीत कावीय, हे लक्षणाचे नाव आहे. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना उडालेली, एवढे दिसले की झाली कावीळ. यकृताला सूज आणणारे विषाणू मात्र पाच आहेत : ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई घाण पाण्यातून पोटात जातात, माणसाला पिवळाधमक करतात आणि बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरतात. (गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झालेला ई जीव घेऊ शकतो, हा अपवाद विसरायचा नाही.) गावोगावच्या कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा या 'आपोआप'वरच उभा आहे. जी ओसरणारच होती ती माळ घातल्यावर ओसरते, चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि श्रेय माळेला जाते. बी आणि सी यांची चाल उलटी. ते रक्तातून येतात, बहुतेकांना पिवळे करतच नाहीत आणि वीस-तीस वर्षे यकृत मुकाट्याने पोखरत राहतात. लोक बी ला 'पांढरी कावीळ' म्हणतात, ते उगाच नाही. पोटात पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली की माणसाला धुळ्याला नाहीतर जळगावला हलवतात. तोवर यकृत निबर झालेले असते, कधी त्यात गाठही धरलेली असते. घरचे म्हणतात, थेंबभर दारू घेत नव्हता, मग लिव्हर गेले कसे? ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो केवळ औषध फुकट आहे म्हणून दवाखान्याची पायरी चढेल का?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल हेच आकड्यांत सांगतो. २०२२ साली या विषाणूंनी जगात १३ लाख माणसे मारली, म्हणजे दिवसाला साडेतीन हजार. २०१९ साली हाच आकडा ११ लाख होता. बी चा विषाणू अंगात असलेली माणसे २५.४ कोटी, सी ची ५ कोटी. बी असलेल्या शंभरांपैकी तेरांनाच त्याचा पत्ता लागला होता आणि औषध तिघांपर्यंत पोचले होते. सी च्या बाबतीत निदान ३६ टक्के, उपचार २० टक्के. भारतात बी चे २.९८ कोटी आणि सी चे ५५ लाख, म्हणजे दोन्ही मिळून चीननंतर आपणच. २०१६ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की २०३० पर्यंत नवी लागण ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी खाली आणायचे. ठरावामागे तिजोरी नव्हती, आणि मृत्यू वर चढले.

हे सगळे औषध मातीमोल होत असताना घडले. सी वरची सोफोसबुव्हिर ही गोळी डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा एका गोळीला १,००० डॉलर आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला ८४,००० डॉलर पडत. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने मिळाले. आता सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासविर यांचा पूर्ण कोर्स जागतिक खरेदीत ६० डॉलरला मिळू शकतो आणि शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. बी समूळ जात नाही, पण त्याला दाबून ठेवणारे टेनोफोव्हिर महिन्याला अडीच डॉलरच्या आत येते. मग माणसे मरतात का? उत्तर एड्सच्या इतिहासात आहे. २००१ साली सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला. तेवढ्याने आफ्रिकेतल्या खेड्यातला रोगी वाचला नाही. २००२ मध्ये ग्लोबल फंड उभा राहिला, २००३ मध्ये पेपफार हा अमेरिकेचा एड्स-निधी आला, त्या पैशातून तपासणी केंद्रे, समुपदेशक, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे गोळी तोंडात पडली. हिपॅटायटीसच्या नशिबी स्वस्त गोळी आली, पण तिला गावापर्यंत नेणारा फंड आला नाही. ग्लोबल फंडाची खाती तीनच : एड्स, क्षय आणि मलेरिया. चौथे उघडले नाही, कारण या रोगाचा रोगी मोर्चा काढत नाही. मोर्चा काढण्याजोगा आजारी पडेपर्यंत त्याच्यात चालण्याचे बळ उरत नाही.

पैसा नेमका कशाला लागतो, हे पायरी-पायरीने पाहिल्याशिवाय हा वाद हवेतच राहील. सातपुड्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सी ची तपासणी घ्या. बोटाच्या टोकाचा थेंब रॅपिड किटवर टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. रेघ आली म्हणजे अंगात अँटीबॉडी आहे, विषाणू असेलच असे नाही, कारण साधारण चौघांतल्या एकाच्या शरीराने तो स्वतःच हुसकावून लावलेला असतो. म्हणून दुसरी पायरी, रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, आहे का ते पाहण्याची. त्यासाठी शिरेतून रक्त घ्यायचे, काही तासांच्या आत सेंट्रीफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि थंडपेटीतून प्रयोगशाळेला पाठवायचा. तिसरी पायरी, बी ची तपासणी. ती न करता सी चे औषध सुरू केले तर दबलेला बी उसळून यकृत निकामी करू शकतो. चौथी, एएसटी आणि प्लेटलेट्स या दोन साध्या चाचण्यांवरून यकृत किती निबर झाले त्याचा अंदाज बांधण्याची. सिरॉसिस, म्हणजे यकृत पार निबर झालेले, असेल तर औषधांची जोडी किंवा मुदत बदलते. इथेच रोग्याला क्षयाची औषधे चालू आहेत का, हेही विचारायचे, कारण रिफाम्पिसिन सी च्या औषधाचा असर मारते. पुढे ८४ दिवस रोज गोळी. आणि ती संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए, कारण बरा झाला की नाही ते तेव्हाच कळते.

आता यात काय बिघडते? सेंट्रीफ्यूज असतो तिथे वीज नसते, वीज असते तिथे टेक्निशियनची जागा रिकामी असते. नमुना गेला तर अहवाल दोन-दोन आठवडे येत नाही. अहवाल येतो तेव्हा माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. समजा, तपासणीपासून बरा झाल्याच्या खात्रीपर्यंत मोठ्या पाच पायऱ्या धरल्या आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले वीसच गळाले. शेवटाला किती उरतील? तेहेतीस. औषध कितीही फुकट वाटा, तेहेतीसचे चौतीस होणार नाहीत. उलट पहिल्याच वेळी सुई टोचताना दुसरी नळी भरून घेतली, म्हणजे रेघ उमटली तर माणसाला परत बोलवायला नको, की एक अख्खी गळती बुजते. क्षयाच्या तपासणीसाठी ट्रूनॅट आणि जीन-एक्स्पर्ट ही यंत्रे आलेलीच आहेत. त्याच यंत्रात वेगळी चिप किंवा वेगळे कार्ट्रिज घातले की हिपॅटायटीसचा विषाणू मोजता येतो. लागणारा पैसा तो हाच : चिपचा, नमुना नेणाऱ्या मोटरसायकलच्या पेट्रोलचा, टेक्निशियनच्या पगाराचा आणि पाड्यावर दोनदा जाऊन विचारणाऱ्या आशाताईच्या मोबदल्याचा. यातला कोणता रुपया कुपोषणाच्या विरोधात जातो? तो टेक्निशियन हिमोग्लोबिनही मोजतो, आणि नमुना न्यायला निघालेली मोटरसायकल सिकलसेलच्या तपासणीची नळीही घेऊन जाते.

विरोधकांचा पहिला भक्कम मुद्दा इजिप्तवरून येतो, आणि तो मान्य करायला हवा. इजिप्तने ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोक तपासले, त्यासाठी जागतिक बँकेचे कर्जही वापरले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला सी च्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा दिला. पण तिथे शंभर माणसे तपासली की चार-पाच सापडत होती. आपल्याकडे वरच्याच आकड्यांचा हिशेब मांडला तर सी चे हजारात चार निघतात. सरसकट घरोघर किट घेऊन फिरणे म्हणजे पैसा तापीत सोडणे होईल. मान्य. पण म्हणून तपासायचेच नाही? कुठे शोधायचे ते ठाऊक आहे. डायलिसिसवर असलेले, सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त चढवलेले, २००१ च्या आधी रक्त घेतलेले (रक्तपेढ्यांना सी ची तपासणी सक्तीची झाली ती त्या वर्षी), तुरुंगातले कैदी, सुईने नशा करणारे, दवाखान्याची सफाई करणारे, आणि सापडलेल्या प्रत्येक रोग्याच्या घरचे. बी साठी याच यादीत प्रत्येक गरोदर बाई, कारण बी शंभरात दोघांकडे आहे. पंजाबने २०१६ साली असेच केले. सी चा उपचार मोठ्या रुग्णालयात अडकवून न ठेवता जिल्हा रुग्णालयांत आणला, आणि देशाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर, २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. इजिप्तकडून आकडा उचलायचा नाही. किट, आरएनए आणि औषध एका रांगेत लावण्यासाठी सरकारने कर्ज काढले, हे उचलायचे. आणि हेही लक्षात ठेवायचे की तिथे सी पसरवला होता तो सरकारनेच. १९५० ते १९८० च्या दशकांत बिल्हार्झिया या जंतांच्या रोगावरची इंजेक्शने नीट न उकळलेल्या सुयांनी गावेच्या गावे टोचून दिली गेली होती. आपल्या शेजारी, गुजरातच्या मोडासात, २००९ साली वापरलेल्या सुयांनी बी चा उद्रेक होऊन डझनांनी माणसे गेली. 'सुई मारली नाही तर डॉक्टर कसला' म्हणणाऱ्या आपल्या गावांना आणि जत्रेत एकाच सुईने, एकाच शाईच्या वाटीतून गोंदून देणाऱ्या यंत्रांना ते अंतर काही फार नाही.

दुसरा मुद्दा याहून बोचरा आहे : 'निर्मूलन' हा शब्द सरकारांना आकडा गाठायला शिकवतो, रोग संपवायला शिकवत नाही. कुष्ठरोगाचे उदाहरण ताजे आहे. दहा हजारांत एकाहून कमी रोगी, ही रेघ देशाने डिसेंबर २००५ मध्ये ओलांडली, निर्मूलन जाहीर झाले, कार्यक्रम सैल पडला. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरोगी आजही भारतातच निघतात. हे खरे आहे आणि हिपॅटायटीसमध्येही असेच होऊ शकते. पण या दाखल्याचा अर्थ कोणता घ्यायचा? ध्येयच ठेवू नका असा, की ध्येय गाठल्यावर पैसा काढून घेऊ नका असा? मलेरियाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप येई आणि आठ लाख मरत. १९५३ पासूनच्या मोहिमेने १९६५ पर्यंत रोगी एक लाखावर आणले. मग फवारणीची शिस्त मोडली, डीडीटी वेळेवर पोचेना, डासही त्याला सरावले, आणि १९७६ साली ६४ लाख रोगी निघाले. मोहिमेवरचा खर्च वाया गेला नव्हता. तो मध्येच थांबवला, ते महागात पडले. बी च्या औषधालाही हे तंतोतंत लागू पडते : टेनोफोव्हिर चालू असलेल्या रोग्याचा पुरवठा दोन महिने तुटला तर विषाणू उसळी मारून परत येतो. म्हणून यात वर्षाचे अनुदान उपयोगाचे नाही, पाच-दहा वर्षांची बांधलेली तरतूद लागते.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. केळीवर हरण्या रोग आला की तो बाग पिवळी पडायची वाट पाहत नाही. पानावर पहिला पिवळा पट्टा दिसताच झाड उपटतो आणि पुढचे काही दिवस ओळीओळीने फिरत राहतो. फिरण्याची मजुरी त्याला वाचवता येते, पण तो वाचवत नाही. (माणूस उपटायचा नसतो, बरा करायचा असतो. उपमा तेवढ्यापुरतीच.)

राहिला 'जगाचे आपल्याला काय' हा प्रश्न. बी ची सगळ्यात वाईट लागण बाळंतपणात होते. जन्मताना विषाणू मिळालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांच्या अंगात तो कायमचा बसतो, तर मोठेपणी लागण झालेल्यांत पाच टक्क्यांहून कमी. यावरचा उपाय म्हणजे चोवीस तासांच्या आत अर्धा मिलिलिटर लस, बाळाच्या मांडीत. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोगच घटला. कर्करोग रोखणारी ही माणसाच्या हाती आलेली पहिली लस. तरी २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या शंभरांपैकी अठराच बाळांना हा जन्मडोस मिळाला. 'गावी' या जागतिक लस संघटनेने तो आपल्या यादीत घ्यायचे २०१८ सालीच ठरवले होते. कोविडने ते रखडले. तिथल्या बाळासाठी पैसा उभा राहिला तर आपला तोटा होतो का? लस आणि गोळी भारतातच बनतात. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली तेव्हा परदेशी लशीची मक्तेदारी मोडली, आणि जागतिक मागणी जेवढी मोठी तेवढी आपली किंमत खाली, हे तेव्हापासून दिसत आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केल्यावर श्रीमंतांच्या मर्जीवर टेकून राहण्यात अर्थ नाही, हेही उघड झाले. गरीब देशांच्या जन्मडोसला जगाने पैसा द्यावा. भारताने मात्र स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, त्याला कोणाचा फंड नको.

आणि तो जन्मडोस आपल्याकडे तरी नीट पोचतो का? लस यादीत आहे, शीतपेटीतही आहे. पण रविवारी रात्री झालेल्या बाळाला सोमवारी दुपारी 'बघू' म्हटले की चोवीस तास उलटतात. दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडायला हात कचरतो. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर चार आठवडे चालते, हे प्रसूतीगृहातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक हवे. ही लस उन्हापेक्षा गोठण्याने जास्त बिघडते. म्हणून बर्फाला चिकटवून पाड्यावर नेलेली कुपी टोचली तरी न टोचल्यासारखीच. नर्मदाकाठच्या घरी झालेल्या बाळंतपणांचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागेल. तिथे सातव्या-आठव्या महिन्यातच आईचे रक्त तपासून, विषाणू निघाला तर तिला टेनोफोव्हिर सुरू करून दाई आणि आशाताई दोघींनाही सावध करावे लागते.

जिल्हा नियोजन समितीत आणि आदिवासी उपयोजनेत या कामाला स्वतंत्र ओळ मागायची असेल, तर मागणीबरोबर पंचांगही जोडावे. ऊसतोडीला गेलेले लोक होळीला परततात. काठी गावच्या होळीला नाही आला असा माणूस सातपुड्यात विरळा. २०२५ ची धुळवड १४ मार्चला होती. त्या आठवड्यात तपासणी होऊन तेव्हाच गोळी सुरू झाली असती, तर ८४ दिवस ६ जूनला, पेरणीच्या तोंडावर, संपले असते. पुढचे ८४ दिवस २९ ऑगस्टला, म्हणजे पोळा होऊन आठवडा उलटताना, आणि शेवटची आरएनए चाचणी दिवाळीनंतरच्या स्थलांतराच्या कितीतरी आधी उरकली असती. त्यासाठी किट आणि चिपा फेब्रुवारीतच तालुक्याला पोचलेल्या हव्यात. आर्थिक वर्षाचे अनुदान मात्र मार्च संपताना खर्ची पडते आणि नवे यायला जून उजाडतो.